बासष्टची तार

शेहेचाळीसच्या तारेला बी-पर्यंत खाली आणलं
आणि ती मेली.
तुटली नाही. लोंबली.
जॉयवीननं डबल पेडल टाकलं,
मी तळवा तारांवर टेकवून रिफ सुरू केला,
तर आवाज असा, की कुणीतरी दांडीवर
ओलं पोतं झटकतंय.
जोरात मारलं की सूर आधी वर चढायचा,
मग उशीर झालेल्या पोरासारखा
मान खाली घालून जागेवर यायचा.
"ढिली केलीस," जॉयवीन म्हणाला,
"खाली नाही नेलीस."

कुडचड्याला, बंद सोडा फॅक्टरीच्या मागे,
ही आमची खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे.
खिडकीची जाळी अजून तांबडी.
खाण थांबून इतकी वर्षं झाली,
तरी बोट फिरवलं की लागतंच.

मडगावच्या दुकानात काशियाननं तीन पाकिटं टाकली.
दहा ते बावन्न, अकरा ते छप्पन, बारा ते बासष्ट.
इंचाचे हजार भाग करायचे
आणि त्यातले किती हवेत ते सांगायचं,
सोनाराकडे गुंजा सांगाव्यात तसं.
"सी-ला छप्पन पुरे. बी-ला बासष्ट घे.
पण मग नटची खाच कानसावी लागेल,
सॅडल मागे, मानेचा रॉड थोडा आवळायचा."
"आणि बोटं?"
"ती तुझी तू बघ."
मी म्हटलं, गंमत बघ,
हा बी सेकंदाला बासष्टच्या आसपास थरथरतो,
आणि तारही बासष्ट.
काशियान पावती फाडत म्हणाला,
योगायोगावर गिटार लागत नाही.

बाबा बल्कावात बसले होते.
सावर्ड्याच्या काट्यावर अठरा वर्षं:
ट्रक रिकामा तोलायचा, भरून आला की पुन्हा तोलायचा,
वजाबाकी वहीत.
आता ते हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलतात.
मेटल त्यांना कळत नाही. वजन कळतं.
पाकीट उलटसुलट करून म्हणाले,
"एक तार ओढते किती?"
मी सांगितलं: शेहेचाळीसची, मूळ सुरात,
आठेक किलो.
"आणि तू खाली आणलीस तेव्हा?"
साडेचार.
कानामागची पेन्सिल त्यांनी काढली, नुसतीच धरली,
पाकिटावर काही लिहिलं नाही.
"रितो ट्रक चड खडखडटा, पुता."

चड म्हणजे जास्त.
एवढंच. मग ते चहा प्यायला आत गेले.

रात्री कानस घेऊन बसलो.
नटची पांढरी भुकटी मांडीवर.
बासष्टची तार हातात धरली तर कुंपणाची वाटते,
खुंटीच्या भोकात जाताना अडते,
बोटाला लोखंडाचा वास ठेवते, धुतला तरी.
दहा वेळा ताणली, दहा वेळा उतरली,
अकराव्यांदा राहिली.

मग एकच सूर मारला.
आमच्या घरातल्या कपाटातल्या ताटल्यांना
आधी कळलं, मग मला.
त्यात फर्रफर्र नव्हती.
चढणीला लागलेल्या भरल्या गाडीसारखा
तो पायांतून आला, घाई न करता.

बाबा दारात उभे.
गाण्याबद्दल एक शब्द नाही.
ॲम्पवर तळहात ठेवला, बॉनेटवर ठेवतात तसा,
आणि विचारलं, "ह्याचं पासिंग कितीचं?"
म्हटलं, माहीत नाही. मान वाकेपर्यंत.
"मग लिहून ठेव कुठे वाकते ते."

ॲम्पच्या पाठीवर खडूनं दोन रकाने आहेत आता.
रिकामा: साडेचार. भरलेला: आठ.
जॉयवीननं विचारलं, हे काय रे?
मी सांगितलं, काटा.
आणि चार मोजून आम्ही सुरू केलं.